आकडे आणि विळे

भोंगा वाजला तसा मुकादम धोंडिबा शेलार टोळी घेऊन धक्क्यावर धावला. समुद्रानं किनाऱ्यावरची भातखाचरं गिळल्यापासून मुंबईच्या ताटातून भात जवळजवळ गेलाच होता, आणि आज कित्येक वर्षं बंद पडलेल्या गोदीत पहिलं धान्याचं जहाज येत होतं. जुन्या सवयीनं प्रत्येकाच्या खांद्यावर पोती ओढायचा लोखंडी आकडा होता.

जहाज जवळ आलं आणि टोळी बघतच राहिली. पोतं एकही नव्हतं. डेकभर पिवळंधमक भात वाऱ्यावर डुलत होतं.

"आकडे कशाला आणलेत, मामा?" कप्तान जुलेखा परकार वरून हसली. "वाटेतच पेरलं, समुद्राच्या पाण्यावरच वाढवलं. पण कापणीचं यंत्र गंजून बसलंय. आज कापलं नाही तर उद्या सगळे दाणे गळतील. विळे आहेत, हात नाहीत!"

गडी एकमेकांकडे बघू लागले. विळा कुणी कधी धरलाच नव्हता.

धोंडिबानं आकडा खाली टाकला. "आपले बाप कुठून आले होते रे? शेतातूनच ना? चला, वाका!"

पहिल्या मुठी वेड्यावाकड्या कापल्या गेल्या. मग कुणीतरी ओझं उचलतानाची जुनी आरोळी दिली आणि तिच्या तालावर विळे सपासप चालू लागले. दिवस मावळायच्या आत धक्क्यावर पेंढ्यांचा डोंगर उभा राहिला.

धोंडिबानं एक लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि दाणा दाताखाली फोडला. किंचित खारट होता. पोटासाठी त्याच्या बापानं शेत सोडून गोदी गाठली होती. आज शेतच गोदी शोधत आलं होतं.