खिडकीचं माप

बजाजनगरच्या खोलीत सरूनं लग्न झाल्यापासून खिडकीला जुनं लुगडं बांधून दिवस काढले होते. गॅलरीतून जाणारा जो तो आत डोकावायचा. आज नवऱ्याला, बद्रीनाथला, तिनं ओढतच पडद्यांच्या दुकानात आणलं. तो पुढच्या दुकानात जाऊ म्हणत होता, पण तिनं ऐकलं नाही. आतली सावलीही बाहेर दिसू नये असं जाड कापड तिनं निवडलं, आणि दुकानदार माप न विचारताच सहा फुटांवर कात्री लावायला लागला.

"थांबा की," सरू हसली. "आमची खिडकी एवढीशी हाय."

बद्रीनाथ रस्त्याकडं बघत होता.



"असं कसं, ताई? मागच्या महिन्यात ह्या भाऊंच्या शेंद्र्याच्या घरी मीच पडदे लावून आलो. वहिनींनी चहा बी पाजला."