चौथं नाव

"सही कर आणि मोकळा हो, ऑर्व्हल," बर्ट डिक म्हणाला आणि त्याने राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला. बर्ट गावच्या जलशुद्धीकरण केंद्राचा प्रमुख. हे नको असलेलं काम त्याला जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचं होतं.

ऑर्व्हल ह्लाडीने पेनाला हातही लावला नाही. सत्तावीस वर्षं तो इथे पाणी तपासत होता. "मी त्या यंत्राला काही जोडलेलं नाही," तो म्हणाला. सकाळपासून हे एकच वाक्य तो घोकत होता.

"मग काय भुताने जोडलं?" मार्लिस फेन्स्के म्हणाली.

केंद्रातले सगळे संगणक मार्लिसच्या ताब्यात होते आणि ऑर्व्हलवर ठपका ठेवणारा अहवालही तिचाच होता. क्लोरीन सोडणाऱ्या यंत्राचा बाहेरच्या जगाशी काडीचा संबंध राहणार नाही, अशी व्यवस्था तिने स्वतः केली होती. तरी कुणीतरी त्याला इंटरनेट जोडलं. त्या वाटेने कुणी चोर आत शिरला, आणि दोन दिवस गावाला निम्मंच क्लोरीन मिळालं. पडद्यावर आकडा मात्र पुरा दिसत होता. वृद्धाश्रमातली नऊ माणसं इस्पितळात गेली. त्यांतल्या मिसेस वीब अजून शुद्धीवर आल्या नव्हत्या. त्यांनी मार्लिसला दुसरीत बेरीज शिकवली होती.

यंत्र होतं त्या खोलीच्या किल्ल्या दोनच, एक ऑर्व्हलकडे, एक तिच्याकडे. त्यात सहा वर्षांपूर्वी ऑर्व्हल त्याच खोलीत वायफायची कांडी लावून हॉकीचा सामना बघताना सापडला होता. जित्याची खोड, दुसरं काय.

यंत्र आठवडाभर पोलिसांकडे होतं. त्यातल्या नोंदींची प्रत आज आली होती. मार्लिसने लॅपटॉप उघडला.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? पण दाखवते," ती म्हणाली. "या यंत्रात जोडणीचं नाव माणूस ठेवत नाही, ऑर्व्हल. ज्या ड्रायव्हरने, म्हणजे यंत्रातल्या छोट्या प्रोग्रॅमने, तिला ओळखलं, तो ठेवतो. तारेच्या जोडणीचं नाव वेगळं, वायफायच्या कांडीचं वेगळं. पुढे शून्य, एक, दोन असा आकडा. तुम्ही कितीही शपथा घ्या, ते नाव बदलत नाही."

"मग वाच," ऑर्व्हल म्हणाला.

यंत्राला तीन तारा होत्या. त्यांची नावं तिला तोंडपाठ होती. ईएम शून्य, ईएम एक, ईएम दोन. ती नोंदी खाली सरकवत गेली. क्लोरीन घटलं त्याच गुरुवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी एक चौथं नाव उगवलं होतं.

ते वायफायच्या कांडीचं नव्हतं.

मार्लिसने ते पुन्हा वाचलं, मग तिसऱ्यांदा वाचलं.  हे नाव पडतं ते मोबाइलला. आपलं इंटरनेट वाटत असलेला मोबाइल यंत्राला वायरने जोडला, की ड्रायव्हर त्याला हे नाव देतो.

त्या गुरुवारी ती रिजायना शहरातून गाडीने परतली होती. वाटेत लॅपटॉपसाठी तिने मोबाइलचं इंटरनेट वाटायला लावलं होतं आणि ते बंद करायचं राहून गेलं. दुपारी त्या खोलीत काम करताना बॅटरी संपत आली, म्हणून यंत्राच्या समोर दिसलेल्या खाचेत तिने वायर खुपसली. नुसतं चार्जिंगला. तासाभराने काढूनही घेतली. चोराला तेवढा तास पुरला होता. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला उभं सोललं असतं, आणि स्वतःचं तिला आठवलंसुद्धा नव्हतं.

"काय आहे?" बर्टने विचारलं. "कांडीच ना?"

ते अक्षरांचं गबाळं तिच्याशिवाय तिथे कुणालाही वाचता येत नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तिने लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली आणलं. 

ते बघून ऑर्व्हलचाच धीर सुटला. "जाऊ दे, पोरी," तो हळूच म्हणाला. "चौसष्ट वर्षांचा झालो. हल्ली काय कुठे ठेवलं ते आठवत नाही. लावलंही असेल मी काहीतरी. अहवालात तसं लिहिलंयस, तर तू खोटं कशाला सांगशील?"

त्याने पेन उचललं, चष्मा लावला आणि कागदावर सहीची जागा शोधू लागला.

मार्लिसने कागदावर पंजा ठेवला.

"कांडी नव्हे, हा मोबाइल आहे, ऑर्व्हल," ती म्हणाली, "आणि तो माझा आहे."