पिवळी घरं

"ही पिवळी घरं तेवढी नाल्यापलीकडे न्या," असं म्हणत चेअरमन कानविंदेंनी माझ्या मॉडेलवरची थर्माकोलची इमारत सरळ उपटली आणि माझ्या हातात ठेवली.

आर्किटेक्ट म्हणून मी त्यांच्या सोसायटीत नव्या स्थानकाचा आराखडा दाखवायला आले होते. मेट्रो, बस, रिक्षा, सगळं एकाच छपराखाली. ते सगळ्यांना पसंत होतं. फ्लॅटचे भाव वाढणार होते ना! पण शेजारची पिवळी घरं गरिबांसाठी म्हटल्यावर कपाळावर आठ्या पडल्या.

"आम्ही त्यांच्या विरोधात नाही हो," सेक्रेटरीबाई वेफर्स पुढे करत म्हणाल्या. "पण त्यांची मुलं आमच्याच बागेत येणार!"

टाळ्या पडल्या. तोंडातला तेलकट घास मला तिथेच थुंकावासा वाटला. बघता बघता सगळी पिवळी घरं उपटून माझ्या मांडीवर आली.

"बरं मॅडम, पहिली बस किती वाजता?" कानविंदेंनी काळजीने विचारलं. "आमच्या कामवाल्या इतक्या लांबून येतात, रोज उशीर करतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी मॉडेलवरचं स्थानकही उपटलं आणि घरांसोबत पिशवीत कोंबलं.

"भांड्यांचा साबण आणून ठेवा," मी म्हणाले.