आतला दिवा

सुदर्शनने किल्लीचं बटण दाबलं. गाडी गप्प. पुन्हा दाबलं, मग अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबलं. एरवी नुसतं बटण दाबलं की कान टवकारल्यासारखे दोन्ही आरसे उघडणारी ती गाडी आज ढिम्म हलेना.

"काय झालं रे?" इंदुबाईंनी विचारलं. त्यांच्या हातात फुलांची पुडी होती.

"काही नाही आई. बॅटरी उतरली वाटतं."

काही नाही कसलं! मागच्या सीटवर, पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या मडक्यात अण्णांच्या अस्थी होत्या. मडकं कलंडू नये म्हणून सुदर्शनने परवा स्वतःच त्याला सीटबेल्ट लावला होता. आळंदीला गुरुजींनी साडेनऊची वेळ दिली होती, आणि आठ तर इथेच, कर्वेनगरात, वाजून गेले होते.

अस्थी घरात आणायच्या नसतात. गावी मडकं झाडाला टांगतात. झाड सोसायटीतही होतं, एकुलतं एक, पण त्यावर पाटी होती: 'झाडास काहीही बांधू नये.' मग इंदुबाईच म्हणाल्या, गाडीत ठेवू. गाडी काही घर नव्हे. लोकांनी डोकावू नये म्हणून सुदर्शनने वरून कापडी कव्हर घातलं आणि गाठी मारल्या.

आता ते कव्हर पायाशी पडलं होतं. चारही दारं ओढून झाली, डिकी झाली. दरवाजाला किल्लीचं भोक म्हणून कुठे दिसेना. रोज रात्री ऑफिसात बसून अमेरिकेतल्या बँकेचे कॉम्प्युटर उघडून देणारा हा माणूस, स्वतःच्या बापापर्यंत पोचेना. गाडी घेतली तेव्हा तिचं जाडजूड पुस्तक अण्णांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचलं होतं. "आधी चालवायला तर शिका," म्हणून सुदर्शन हसला होता. पुस्तक डॅशबोर्डच्या खणात होतं आणि वाचणारा मागच्या सीटवर.

कुंपणाजवळ एक वीट पडली होती. त्याने ती उचलली.

"नको रे बाबा!" इंदुबाई मध्ये आल्या. "काचा त्यांच्या अंगावर उडतील."

त्याने वीट खाली ठेवली.

गाडीच्या कंपनीला फोन लावला. माणूस यायला दोन तास लागतील, असं पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं. "सर, आतला दिवा चालू राहिला होता का?"

सुदर्शनने काचेला नाक लावलं. छतावरच्या दिव्याचा खटका एका बाजूला सरकवलेला होता. त्याचं डोकंच फिरलं.

"पूर्णिमा! दिवा कुणी लावला गाडीतला? मुलांना कशाला येऊ दिलंस गाडीजवळ?"

"मुलं खाली उतरलीच नाहीत, आणि मी गाडीला हातसुद्धा लावलेला नाही," बायको म्हणाली.

"मग काय आपोआप लागला? एक काम धड होत नाही या घरात! तिकडे गुरुजी खोळंबलेत, आणि इथे..."

"मी लावला," इंदुबाई म्हणाल्या.

सुदर्शन आईकडे वळला.

"तू वरून ते कापड घालणार होतास ना. आत नुसता अंधार. घरी त्यांच्या जागेवर समई लावली आपण. आणि ते इथं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "गावाला जाताना तू लावून द्यायचास ना मला तो दिवा, पिशवीत काही शोधायचं असलं की. ते ध्यानात होतं. त्यानं गाडी बंद पडती, हे नव्हतं बाबा ठाऊक."

सुदर्शनला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन दुभंगावी. तीन दिवसांत त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ते येऊ पाहत होतं, तर नेमके दुसऱ्या मजल्यावरचे आगाशेकाका दुधाची पिशवी घेऊन समोर उभे.

"एवढी मोठी गाडी घेतलीत, आत जायची सोय नाही का दिली?" काकांनी विचारलं. मग मागची सीट दिसली, आणि त्यांनी पायातल्या चपला काढल्या. "किल्लीच्या पोटात किल्ली असते, सुदर्शन. बाजूचा खटका ओढा. भोक दाराच्या मुठीच्या टोपणाखाली आहे. तुमच्या वडिलांनी, उत्तरेश्वररावांनी, मला दोनदा दाखवलं होतं. मी म्हटलं, अहो, मला काय उपयोग, माझ्याकडे स्कूटर आहे."

खटका ओढला तशी बोटभर लांबीची पोलादी किल्ली बाहेर आली. टोपण निघालं. दार उघडलं. गाडी चालू होणार नव्हतीच. पूर्णिमा रिक्षा बघायला फाटकाकडे पळाली.

सुदर्शनने आतून मागचं दार उघडलं, सीटबेल्ट सोडला आणि मडकं आईच्या ओंजळीत दिलं. तिने ते पोटाशी धरलं आणि वाकून गाडीत पाहिलं.

"सुदर्शन, कधी गेला असेल रे दिवा?"

बॅटरी तीन वर्षांची जुनी. पहिली रात्रसुद्धा पुरली नसणार, हे त्याला कळत होतं. त्याने हात वर नेऊन दिव्याच्या गार काचेवर बोटं टेकवली.

"आत्ताच गेला आई," तो म्हणाला. "काच अजून गरम आहे."