पहिल्या रांगेतली सिंधूताई

सिंधूताईंना पहिल्या रांगेतून उठवायचं कसं, हे अविनाशला सुचत नव्हतं.

जानेफळच्या समाजमंदिरात तालीम रंगात आली होती. मधोमध दीपमाला उभी होती आणि तिच्या नेमकी समोर, प्लास्टिकच्या खुर्चीत, तिची आई. म्हातारीचे ओठ सारखे हलत होते. मध्येच ती तळहात खाली दाबायची, मध्येच बोटं वर उचलायची. पोरं तोंडाला रुमाल लावून हसत होती.

"बुढीचं नाटक काही सुटत नाही," गुलाबराव मास्तर अविनाशच्या कानाशी म्हणाले. नाटकात दीपमालाच्या नवऱ्याचं काम त्यांच्याकडे होतं.

सुटणार तरी कसं? सिंधूताईंचे वडील जानराव गावोगाव भीमजलसा घेऊन फिरायचे. बाया स्टेजवर चढत नव्हत्या त्या काळात त्यांनी आपल्या पोरीला उभं केलं. दीपमाला तर आईच्या कडेवर असतानाच स्टेजवर आली आणि मोठी होऊन आईच्याही पुढे गेली. पिंपळगाव राजापासून नागपूरपर्यंत तिच्या नावावर गर्दी व्हायची. मग ताप आला, डोक्यात गेला. जीव वाचला, पण दोन-तीन वर्षं ती घराबाहेर दिसली नाही. परतली ती आईचा हात धरून. तेव्हापासून दीपमालाचा खेळ म्हटला की पहिल्या रांगेत सिंधूताई, हे ठरूनच गेलं.

लोक म्हणत, आजारातून उठली आणि बाईला गर्व चढला. मागून हाक मारली तर वळून बघत नाही. फोन उचलत नाही, मेसेज टाका म्हणते. अविनाशला मात्र तसं कधी वाटलं नव्हतं. मेहकरचा हा पोरगा पुण्यात नाटक शिकून आला होता आणि हे नाटक तोच बसवत होता. तो बोलायला लागला की दीपमाला त्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहायची. इतकं मन लावून त्याचं आजवर कुणीच ऐकलं नव्हतं.

तालीम संपल्यावर त्याने तिलाच विचारलं, "ताई, आई समोर नसल्या तर चालणार नाही का?"

तिने एकदा आईकडे पाहिलं. मग हसली. "तिले बसू द्या, सर. कोणाचं काय जाते?"

हिवरा आश्रमच्या प्रयोगात तर कहर झाला. सिंधूताईंनी आपल्या खुर्चीजवळची ट्यूबलाईट विझवूच दिली नाही. "अंधारात मले घाबरल्यावानी होते," म्हणाल्या. सगळा मांडव अंधारात आणि उजेडात एकच हलणारं तोंड. लोक स्टेज सोडून तिकडेच बघायला लागले.

स्पर्धेचा प्रयोग बुलढाण्यात होता. त्या दिवशी दुपारी अविनाश सिंधूताईंजवळ जाऊन बसला.

"मावशी, राग नका मानू. तुमचे ओठ हलते, अन् लोकं तिकडंच पाह्यते. म्हणते, माय पढवते अन् पोरगी बोलते. ताईची सारी मेहनत वाया जाऊन राह्यली."

सिंधूताईंचा चेहरा उतरला. "असं म्हणते लोकं?"

"हाव. तुमचं झालं न, मावशी. आता तिले एकटीले उभं राहू द्या. आज तुम्ही मागं बसा."

सिंधूताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तिनं शपथ घातली हाय मले," त्या पुटपुटल्या.

"कायची शपथ?"

"काही नाही, भाऊ. बसीन मी मागं."

संध्याकाळी पडदा उघडला. पहिला प्रवेश दीपमालाचा एकटीचा होता. तो तिने असा केला की परीक्षकही पुढे सरकून बसले. बघा, अविनाश मनात म्हणाला, आईवाचून काही अडलं का?

दुसऱ्या प्रवेशात गुलाबराव तिच्या पाठीमागच्या दारातून आले, वाक्य बोलले आणि थांबले.

दीपमाला बोलेना.

गुलाबरावांनी वाक्य पुन्हा टाकलं. दीपमाला तशीच उभी. आजवर एक शब्द न विसरलेली ती बाई पहिल्या रांगेवरून नजर फिरवत होती, गर्दीत हरवलेल्या लेकरासारखी.

तेवढ्यात मधल्या वाटेने सिंधूताई धावत आल्या. पहिल्या रांगेच्या पुढे त्यांनी जमिनीवरच बैठक मारली, मोबाईलची बॅटरी लावली आणि उजेड आपल्याच तोंडावर धरला.

अविनाश संतापला. वाकत वाकत तो त्यांच्याजवळ पोचला, मोबाईल हिसकावायला हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. इतक्या जवळून त्याने ते ओठ कधी पाहिले नव्हते.

आवाज नव्हता, पण शब्द स्वच्छ कळत होते. ते दीपमालाचं वाक्य नव्हतं. ते गुलाबरावांचं होतं, जे त्यांनी आत्ताच तिच्या पाठीमागून दोनदा म्हटलं होतं.

दीपमालाने ते डोळ्यांनी ऐकलं आणि उत्तर दिलं.