शेजारच्या शाळेला भेट

वरून आदेश आला: 'सोमवारी प्रत्येक शिक्षकाने शेजारच्या शाळेत जाऊन सहकाऱ्याचे अध्यापन पाहावे व अहवाल पाठवावा.'

सतरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच एखादा आदेश वाचून बरं वाटलं. पेठच्या डोंगरातली माझी शाळा एकशिक्षकी. माझी तिसरीची मुलं अजून जोडाक्षरांवर अडतात, आणि पलीकडच्या पाड्यावर श्यामला मॅडमची दुसरीची पोरं धडाधड वाचतात. त्या नेमकं काय करतात, ते मला बघायचंच होतं.

सोमवारी मुलांना अंगणवाडीताईंच्या हवाली केलं आणि पायवाटेने डोंगर ओलांडून गेलो. वर्ग भरलेला, खुर्ची रिकामी.

"मॅडम कुठंयत गं?" मी पुढे बसलेल्या मुलीला विचारलं.

"बाई तं तुमच्याच शाळंत गेल्यात, सर. गाडीवर. तुमी कसं शिकवता ते बघाया."

त्यांची शाळाही एकशिक्षकी. आदेश तोच, वारही तोच. आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही, म्हणून स्वतःवरच चिडलो. फोन करावा तर रेंज नाही. दिवसभर मी त्यांची मुलं सांभाळली, त्यांनी माझी. अहवालात दोघांनीही खरं तेच लिहिलं: 'सहकारी शिक्षक शाळेत भेटले नाहीत.'

गुरुवारी दोघांनाही एकाच मजकुराची नोटीस आली.



'भेटीस आलेल्या शिक्षकाच्या अहवालानुसार आपण सोमवारी शाळेत गैरहजर होता. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'