भिंतीनं घेतलेला श्वास

संसारात प्रत्येक पुरुषाला एकदा तरी छंद आणि बायको यांतलं एक निवडावं लागतं. निवृत्त ड्राफ्ट्समन काकांनी दोन्ही ठेवली, कारण दुकानदार लाकूड घासायचं सँडर मशीन परत घेत नव्हता.

काकूंना दमा होता. "पुन्हा घरात लाकडाची धूळ आली, तर ते मशीन भंगारात जाईल," त्यांनी बजावलं होतं.

"आणि मी?"

"तुम्हाला भंगारवालाही घेणार नाही."

म्हणून काकांनी गॅरेजच्या दाराला ओली चादर लावली, सँडरला व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप जोडला आणि टेबलाचा एक पाय घासून काढला. तरी निम्मी धूळ हवेत तरंगतच राहिली. हताश होऊन त्यांनी दोन्ही मशीनं बंद केली.

धूळ ओढल्याचा आवाज मात्र थांबला नाही.

त्यांनी प्लग काढले. आवाज चालूच. संथ, खोल, कुणीतरी श्वास आत घेत असल्यासारखा. डोळ्यांदेखत सगळी धूळ रांगेनं निघाली आणि कोपऱ्यातल्या भिंतीत शिरली. काकांनी भिंतीवरून हात फिरवला. भिंत भक्कम होती. आणि किंचित कोमट.

श्वास नुसता आत जात होता. बाहेर येतच नव्हता.

"अहो," घरातून काकू म्हणाल्या, "आज छाती इतकी मोकळी वाटतेय, की उठून चहा टाकावा, तुम्हालाही द्यावा आणि नाक्यापर्यंत फिरून यावं."

एवढं लांब वाक्य त्या कित्येक वर्षांत मध्ये न थांबता बोलल्या नव्हत्या.

काकांनी भिंतीकडे पाहिलं.

टेबलाचे अजून तीन पाय घासायचे होते.